डिझेल वाचलं, हे कशावरून? १९७३ ची तेलटंचाई आणि ट्रकचालकांचा एक प्रश्न



पेटच्या तयारीत ‘नियंत्रण गट’ची व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. पण तो नसेल तर नेमकं काय बिघडतं, हे व्याख्येवरून कळत नाही. त्यासाठी आज थोडा इतिहास बघू. विषय आहे अमेरिकेतले लांब पल्ल्याचे ट्रकचालक आणि त्यांचं डिझेल.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं. इस्रायलला मदत केली म्हणून अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेला तेल देणं बंद केलं. काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी २ जानेवारी १९७४ रोजी एका कायद्यावर सही केली आणि देशभरातल्या महामार्गांवर ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर, ही वेगमर्यादा आली. हेतू एकच होता, इंधन वाचवणं.

ट्रकचालक मात्र भडकले. डिसेंबर १९७३ मध्येच त्यांनी महामार्ग अडवले होते, फेब्रुवारी १९७४ मध्ये पुन्हा संप झाला. यात पुढे होते ते स्वतःचा ट्रक स्वतः चालवणारे, म्हणजे डिझेलचं बिल स्वतःच्या खिशातून भरणारे. मग डिझेल वाचवणाऱ्या नियमाला त्यांचाच विरोध का?

आधी भौतिकशास्त्र बघू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ६५ वरून ५५ मैलांवर आणला तर हा रोध सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतो. महामार्गाच्या वेगाला चाकांपर्यंत पोचलेल्या शक्तीतली साधारण निम्मी शक्ती हवा कापण्यात जाते असं धरलं, तर डिझेलची बचत ढोबळमानाने १४ टक्के येते. चालकांचं म्हणणं होतं की आमच्या गाड्यांचे गिअर जास्त वेगासाठी जुळवलेले आहेत, हळू चालवलं की इंजिन नीट चालत नाही. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. इंजिनाची कार्यक्षमता फेऱ्यांवर आणि भारावर अवलंबून असते, म्हणजे वेग बदलला की एकाच वेळी दोन चलं बदलतात. त्यामुळे १४ टक्के पूर्ण हातात पडतीलच असं नाही.

तरी पूर्ण १४ टक्के धरून हिशेब करू. १००० मैलांची खेप आहे, गाडी गॅलनला ५ मैल देते आणि डिझेल गॅलनला ५० सेंट आहे असं समजा. एकूण २०० गॅलन लागतील. त्यातले २८ गॅलन वाचले, म्हणजे १४ डॉलर. पण खेपेला १५ तास २३ मिनिटांऐवजी १८ तास ११ मिनिटं लागली. जवळजवळ तीन तास जास्त स्टिअरिंगवर बसायचं आणि त्याचे तासाला ५ डॉलर मिळायचे! शिवाय त्या काळी नियमानुसार सलग १० तासच गाडी चालवता येत असे आणि मग ८ तासांची विश्रांती सक्तीची होती. म्हणजे एका पाळीत ६५० मैलांऐवजी ५५० मैल. भाडं खेपेवर किंवा मैलावर मिळत असेल तर ही थेट कमाईतली घट.

देशाचं डिझेल वाचत होतं, पण चालकाचे पैसे वाचतीलच असं नव्हतं. दोन्ही बाजू ‘बचत’ हाच शब्द वापरत होत्या, पण मोजत वेगळं होत्या.

वेग कमी न करता रोध कमी करता येईल का? याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या नासाच्या ड्रायडन केंद्रात एडविन सॉल्ट्झमन नावाचे अभियंते सायकलवरून कामाला जात. शेजारून मोठा ट्रक गेला की हवा आधी त्यांना बाहेर ढकलायची आणि मग आत ओढायची. हे ढकलणं-ओढणं म्हणजे वाया जाणारं इंधनच, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या गटाने एका व्हॅनला चारही बाजूंनी ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे ठोकून तिचा चपलांच्या खोक्यासारखा डबा केला. मग गाडी वेगात नेऊन न्यूट्रलला टाकायची आणि ती आपोआप कशी मंदावते ते मोजायचं. पुढचे-मागचे उभे कोपरे गोल केल्यावर हवेचा रोध ४० टक्क्यांनी घटला आणि आतली जागा फक्त १.३ टक्के कमी झाली. आडव्या कडाही गोल केल्यावर घट ५४ टक्क्यांवर गेली.

इथे रचनेकडे लक्ष द्या. आधी मुद्दाम वाईटातला वाईट आकार बनवला, तो मोजला आणि मग त्याच गाडीत एकेक बदल केला. आधाररेषा पक्की होती, म्हणून फरकाला अर्थ आला.

पण खऱ्या रस्त्यावरच्या ट्रकचं काय? आज वारा आहे, उद्या नाही. टाकीतलं डिझेलही दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०८ टक्के प्रसरण पावतं, म्हणजे तापमान २० अंशांनी बदललं की लिटरमध्ये मोजलेला आकडा दीड टक्क्याहून जास्त सरकतो. तुमचं उपकरण ३ टक्के बचत देत असेल तर त्यातलं निम्मं नुसतं हवामान असू शकतं.

अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, यावर १९८१ मध्ये जे१३२१ ही चाचणी पद्धत आणली. त्यात एकसारखे दोन ट्रक एकाच मार्गावर एकाच वेळी धावतात. एकात कधीच काही बदलायचं नाही, तो नियंत्रण ट्रक. दुसऱ्यात बदल करायचा. डिझेल लिटरने न मोजता सुट्या टाक्या वजन करून मोजायचं. दोन्ही ट्रकांच्या वापराचं गुणोत्तर काढायचं आणि मूळ पद्धतीत तीन फेऱ्यांची गुणोत्तरं २ टक्क्यांच्या पट्ट्यात आली तरच ती ग्राह्य धरली जात. वारा दोन्ही ट्रकांना सारखाच लागतो, त्यामुळे गुणोत्तरात त्याचा परिणाम बराचसा कटतो.

पुढे १९८७ मध्ये ग्रामीण आंतरराज्य महामार्गांवर ६५ मैलांची मुभा मिळाली आणि १९९५ मध्ये राष्ट्रीय वेगमर्यादा रद्द झाली. केबिनवरचे गोलसर पंखे आणि ट्रेलरच्या खालचे पडदे मात्र टिकले, कारण त्यात चालकाचा वेळ जात नाही.

सिनॉप्सिस लिहिताना हे दोन प्रश्न कागदावर लिहून ठेवा. माझा नियंत्रण ट्रक कोणता? आणि मी ज्याला ‘सुधारणा’ म्हणतोय, ती मोजताना कोणाचा वेळ हिशेबाबाहेर राहिला? दुसरा प्रश्न व्हायवाला सहसा कोणी विचारत नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये संपावर गेलेले चालक तोच विचारत होते.