समुद्रयान, वांती आणि उतारा

समुद्रावर होणाऱ्या मळमळीस मराठीने ‘बोट लागणे’ असे नाव दिले आहे, ते मोठे मार्मिक आहे. ऊन लागते, दृष्ट लागते, तशीच बोट लागते. म्हणजे पीडा बाहेरून येऊन माणसास धरते, तीत त्याचा स्वतःचा काही दोष नसतो. आमच्या समाजात मात्र ही पीडा पुष्कळ काळ केवळ देहाची राहिली नाही. तिच्याभोवती शास्त्राचा निषेध, जातीची बैठक आणि प्रायश्चित्त यांचे कुंपण पडले होते. त्या कुंपणातून आमचे पूर्वज कसे वाट काढीत गेले, हे पाहण्यासारखे आहे.

या इतिहासाचे एक ठिकाण सुरत होय. १७७५ च्या फेब्रुवारीत, पुण्याच्या बारभाईंच्या फौजेपुढे पराभव पावून रघुनाथराव पेशवे प्रथम खंबायतेस व तेथून भावनगरास गेले, आणि भावनगराहून गलबतात बसून सुरतेस आले. पुढे मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांशी त्यांचा जो तह झाला, तो सुरतेचा तह म्हणून प्रसिद्ध आहे. घाटावर वाढलेल्या आणि अटकेपर्यंत घोडा नेणाऱ्या या पुरुषास शेवटी आश्रयासाठी खंबायतचे आखात ओलांडावे लागले! हे आखात काही सौम्य नव्हे. भावनगरच्या बाजूस उधाणाच्या भरती-ओहोटीतील अंतर १० मीटरांच्याही वर जाते, आणि ओढ व वारा परस्परविरुद्ध असले की पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात.

आज त्याच पाण्यावरून २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झालेली हजिरा-घोघा नौकासेवा जाते. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर पडणारे अंतर समुद्राने अवघे ९० च्या आसपास पडते. सुरतेच्या दक्षिणेस उधना, पांडेसरा, बमरोली या भागांत खानदेशातून येऊन यंत्रमागांच्या आधाराने स्थिरावलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. तापीकाठच्या या मंडळींस समुद्र वडिलोपार्जित नाही. त्यांच्यापैकी जो कोणी सौराष्ट्रातील देवदर्शनास या वाटेने निघेल, त्याच्यापुढे रघुनाथरावांच्या काळचाच प्रश्न उभा राहतो: आखात पोटास मानवेल काय?

आता शास्त्राकडे वळू. बौधायनाने उत्तरेकडील लोकांचे जे विशेष आचार सांगितले, त्यांत समुद्रगमन आहे. आणि त्याच ग्रंथात पुढे पातित्य आणणाऱ्या कर्मांची यादी येते, तीत समुद्रगमनाचा उल्लेख पहिला आहे. त्यास तीन वर्षांचे कडक व्रत सांगितले आहे. मनुस्मृतीचेही तसेच. तिसऱ्या अध्यायात समुद्रयात्रा करणारा ब्राह्मण श्राद्धास वर्ज्य ठरतो. आठव्या अध्यायात मात्र समुद्रयानात कुशल असलेल्यांनी ठरविलेली वृद्धी, म्हणजे व्याज, व्यवहारात प्रमाण मानली जाते. आम्हां वकिलांस यात नवल वाटत नाही. ज्या गोष्टीचा निषेध वारंवार करावा लागतो, ती गोष्ट लोक वारंवार करीत असले पाहिजेत, हा साधा अनुमानाचा नियम आहे.

व्यवहारात हा निषेध कसा लागू होई, याचा दाखला रघुनाथरावांच्याच चरित्रात सापडतो. इंग्लंडच्या दरबारी आपली बाजू मांडण्यासाठी त्यांनी हणमंतराव नावाचे ब्राह्मण वकील पाठविले. त्यांच्याबरोबर मणियार नावाचे पारशी गृहस्थही होते. १७८१ साली प्रसिद्ध संसदपटू एडमंड बर्क याने त्यांस आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांचा स्वयंपाक व आन्हिक त्यांच्या रीतीने व्हावे म्हणून बागेतील काचगृह मोकळे करून दिले. परत आल्यावर या वकिलातीतील ब्राह्मणांवर पातित्याचा आरोप आला. विल्फर्ड या पंडिताने त्या शतकाच्या अखेरीस नोंदविले आहे की, पुष्कळ सभा होऊन, त्यांचे शील आणि प्रवासाचा हेतू ध्यानी घेऊन, सुवर्णयोनीतून पुनर्जन्माचा विधी करवून त्यांस शुद्ध करून घेण्यात आले. निवाडा करणाऱ्यांनी नियम मोडला नाही आणि माणसेही टाकली नाहीत. तारतम्य म्हणतात ते हेच.

कोकण आणि गोमंतकाच्या किनाऱ्यावर निषेधाची धार यापूर्वीच बोथट झालेली होती. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज आरमारासह बसरूरपर्यंत गेले आणि परतताना गोकर्णास महाबळेश्वराचे दर्शन घेते झाले. पुढे आगबोटी आल्या आणि मुंबईची चाकरमानी मंडळी रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत गावच्या जत्रेस वा शांतादुर्गा, मंगेशाच्या चरणी जाऊ लागली. धक्का नसलेल्या बंदरात आगबोट दूर उभी राही आणि उतारूंस पडावात उतरावे लागे; रात्रभर सावरलेले पोट नेमके तेथे दगा देई. म्हणून शिदोरीबरोबर लिंबू, आल्याचा तुकडा, आवळासुपारी, वेलदोडे ही सामग्री असे. पावसाळ्यात बोटी बंद राहत आणि नारळी पौर्णिमेस सागरास नारळ अर्पण झाल्यावर दर्यावर्दी पुन्हा समुद्राकडे वळत. पीडेवरचा पहिला उपाय म्हणजे अवेळी समुद्रावर न जाणे, हा त्या रूढीतला व्यावहारिक अर्थ आजही टिकण्यासारखा आहे.

या घरगुती उपायांची साक्ष कितपत ग्राह्य धरावी? आधी रोगाचे मूळ पाहू. ते पोटात नाही, कानात आहे. अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांलगतची इंद्रिये ‘आपण हलत आहो’ असे कळवितात. डोळे खोलीच्या स्थिर भिंती पाहून ‘आपण स्थिर आहो’ असे सांगतात. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत, मेंदूचा गोंधळ उडतो आणि त्याचा दंड पोटास भोगावा लागतो. सुमारे पाच सेकंदांत एकदा वरखाली होणारी संथ हालचाल सर्वांत त्रासदायक ठरते. यात मनाचा दुबळेपणा मुळीच नाही. इंग्रजांचा श्रेष्ठ नौसेनापती नेल्सन यास बोट लागत असे, आणि १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे ‘बीगल’ जहाजावर काढूनही डार्विनची या त्रासातून सुटका झाली नाही.

औषधाचा शोध योगायोगाने लागला. १९४७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठते म्हणून एका बाईस नवे औषध दिले, तेव्हा ट्रॅममध्ये होणारी तिची मळमळ थांबल्याचे आढळले. गे आणि कार्लिनर या वैद्यांनी एकटीच्या जबानीवर विश्वास न ठेवता, अटलांटिक ओलांडणाऱ्या सैनिकांपैकी काहींस ते औषध व काहींस नुसती साखरेची गोळी देऊन पारख केली. तेच डायमेनहायड्रिनेट होय. आल्याचीही अशीच परीक्षा झाली: १९८८ मध्ये डेन्मार्कच्या नौदलातील शिकाऊ तरुणांवर केलेल्या प्रयोगात सुंठीच्या चूर्णाने ओकाऱ्या कमी झाल्या, इतर काही प्रयोगांत तसा गुण दिसला नाही. तेव्हा आल्यास निर्दोष, पण सौम्य साक्षीदार मानावे. मनगटास बांधायच्या पट्ट्यांचा पुरावा त्याहून दुबळा आहे. हायोसिन हे औषध सर्वांत प्रभावी औषधांपैकी एक. ते धोतऱ्यातही असते. पण म्हणून कोणी धोतऱ्याचे बी तोंडात घालू नये. त्यातील विषाचे प्रमाण झाडागणिक बदलते आणि ते प्राणघातक ठरू शकते.

निवड करताना काही गोष्टी ध्यानी धराव्या. गोळी उलटी सुरू झाल्यावर नव्हे, बोट सुटण्यापूर्वी घ्यावयाची असते. कानामागे लावण्याची हायोसिनची चकती तर कित्येक तास आधी लावावी लागते. यांपैकी बहुतेक औषधांनी झोप येते, म्हणून उतरल्यावर ज्यास वाहन हाकावयाचे आहे त्याने जपावे. काचबिंदू वा लघवीच्या अवरोधाचा विकार असलेले वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून ती घेऊच नयेत. जागा बोटीच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर घ्यावी; वर आल्यास क्षितिजावर दृष्टी ठेवावी, वाचन टाळावे. पोट तुडुंब नको, तसे अगदी रितेही नको. दर्शनापूर्वी निरंकार उपवास धरून बोटीत बसणाऱ्या भाविकांस आम्ही आवर्जून सांगू की, थोडी लाह्या-पेज किंवा कोरडा खाऊ आणि घोटघोट पाणी घ्यावे. हणमंतरावांच्या वेळच्या निवाडेकारांनी हेतू पाहिला होता. देवही तोच पाहील, अशी आमची श्रद्धा आहे.