पीजचा टीव्ही आणि चतुर मोटा

गणपतीत सगळं कुटुंब फोंड्याच्या घरी जमलं होतं. आरती, जेवण आटोपल्यावर गप्पा निघाल्या त्या जुन्या मालिकांच्या. कुणी 'हम लोग' काढलं, कुणी 'बुनियाद', कुणी 'मालगुडी डेज'. जो तो आपापल्या बालपणावर हक्क सांगत होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "चतुर मोटा."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. हे काय नवीन?

नवीन नव्हे हो, 'हम लोग'पेक्षा पुष्कळ जुनं! 'हम लोग' सुरू झालं १९८४ साली. मी सांगतोय ती गोष्ट त्याआधीची, गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातली. आणि ती पाहिलेला आमच्या कुटुंबात मी एकटाच.

वडलांच्या नोकरीमुळे माझं लहानपण बडोद्यात गेलं. दांडिया बाजारच्या बाजूला आमची भाड्याची दोन खोल्यांची जागा. गायकवाडांच्या राज्यामुळे तिथे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला. त्यांची मराठी वेगळी, गुजराती वळणाची. आमची गोव्याची, कोंकणी हेल असलेली. मी तोंड उघडलं की आळीतली मुलं हसायची. बोलण्यावरून हसू झालं की काय वाटतं हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही पुढे मी जे केलं ते केलंच! ते सांगतो.

आमच्या शेजारी एक पटेल कुटुंब राहायचं. त्यांचं मूळ गाव पेटलादजवळ, चरोतरात. पटेलकाका दर मे महिन्यात गावी जायचे आणि मलाही बरोबर न्यायचे. चरोतर म्हणजे तंबाखूची शेतं, आंबे, म्हशी आणि दूध. संध्याकाळ झाली की अख्खं गाव किटल्या घेऊन दूधमंडळीच्या दारात उभं. पहिल्या वर्षी मी असाच ओट्यावर बसलो होतो तर काकांचा पुतण्या धावत आला, "हात वाग्या, हेंडो!"

मी माझ्या हातांकडे बघितलं. हाताला काय झालं? मग कळलं, चरोतरी बोलीत 'स'चा 'ह' होतो. सात वाजले, चला! 'केम'चं 'च्यम' होतं. शहरातल्या गुजरात्यांनाही या बोलीचं हसू येई.

चला कुठे, तर टीव्ही बघायला! मी थक्कच झालो. बडोद्यात आमच्या आळीत एकाही घरी टीव्ही नव्हता आणि इथे, ज्या गावात संध्याकाळी दिवे मिणमिणायचे तिथे, मंडळीच्या इमारतीत लाकडी पेटीत बसवलेला टीव्ही! पुढे जमिनीवर आम्ही मुलं, मागे बायका, बाजूला खाटेवर पाटीदार मंडळी, आणि पार शेवटी भिंतीला टेकून, अर्धे दाराबाहेर, शेतमजूर.

ही किमया कशी झाली ते मला मोठेपणी कळलं. दूरदर्शन खेड्यातल्या माणसासाठी वापरावं, शहरातून खेड्याकडे झिरपत येण्याची वाट पाहू नये, हे विक्रम साराभाईंचं स्वप्न. ते १९७१ च्या डिसेंबरात गेले, पण स्वप्न राहिलं. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर एटीएस-६ हा अमेरिकन उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. तो 'साइट' प्रयोग. त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता कोल्हापूरला जन्मलेल्या एकनाथ चिटणीसांचा. आमच्या बडोद्यात शिकलेले प्रमोद काळे हे तर थुंब्याच्या अगदी पहिल्या इंजिनिअरांपैकी. पुढे ते अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक झाले. मराठी माणूस कुठे कुठे असतो बघा!

वर्षभराने उपग्रह अमेरिकेने परत नेला आणि 'साइट' संपलं. पण त्याच सुमारास नडियादजवळच्या पीज या गावी एक छोटा, एक किलोवॅटचा ट्रान्समीटर उभा राहिला होता. तो चालूच राहिला. सुमारे ४०० गावांत साडेसहाशेच्या आसपास सार्वजनिक टीव्ही संच, बहुतेक दूधमंडळ्यांच्या नाहीतर पंचायतीच्या जागेत. कार्यक्रम करायचे अहमदाबादच्या त्याच अंतराळ केंद्रातले लोक. आधी गावात जाऊन माणसांशी बोलायचे, मग कार्यक्रम करायचे आणि तो दाखवल्यावर परत येऊन विचारायचे की कसा वाटला. गावातल्याच लोकांकडून कामंही करून घ्यायचे. जिल्ह्यापुरता टीव्ही, जिल्ह्याच्या बोलीतला!

खरं म्हणजे पेटलादला हे अगदीच नवं नव्हतं. पेटलाद हा बडोदे संस्थानचा मुलूख. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. १९१० मध्ये बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणून गावोगाव वाचनालयं काढली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्याच खात्याचे लोक चित्रं आणि सिनेमा दाखवत खेड्यांतून फिरायचे. काकांच्या आईला, सगळ्यांच्या बांना, लहानपणी चादरीवर बघितलेली हलती चित्रं आठवायची. त्यामुळे पेटीत माणसं दिसतात याचं त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं.

'चतुर मोटा' ही पीजवरची फार लोकप्रिय मालिका. मोटा म्हणजे थोरला, मोठा भाऊ. खरं सांगायचं तर तिच्यातल्या गोष्टी आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्यात. लक्षात राहिलं ते बोलणं. एका संध्याकाळी पडद्यावरचा माणूस ठसक्यात "च्यम?" म्हणाला आणि मी मोठ्याने खिदळलो.

बाकी कुणीच हसलं नाही.

बांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "अरे, तो आपल्यासारखाच बोलतोय." त्यांचे डोळे पडद्यावरच होते. इतकी वर्षं सरकारी माणूस, मास्तर, रेडिओ, सगळे शुद्ध बोलत आले. पेटीतून आपलं स्वतःचं बोलणं ऐकू येतंय हे त्या पहिल्यांदा अनुभवत होत्या. आणि हसलो कोण, तर ज्याच्या बोलण्याला बडोद्यात पोरं हसायची तो मी! आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

दुसरी आठवण याहून अवघड. एकदा शेतमजुरांच्या रोजंदारीवर कार्यक्रम लागला. सरकारने ठरवलेली मजुरी किती, प्रत्यक्ष हातात पडते किती, वगैरे. हळूहळू खाटेवरची माणसं उठायला लागली. कुणाला म्हशीचं काम आठवलं, कुणाला खोकला आला. पटेलकाकाही उठून बाहेर विडी ओढायला गेले. आणि भिंतीकडची माणसं, जी कधी उंबऱ्याच्या फारशी आत यायची नाहीत, ती सरकत सरकत पुढे आली. रात्री जेवताना काका गप्प होते. माझ्यावर एवढी माया करणारा माणूस, पण त्या रात्री मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढे वडलांची नोकरी संपली आणि आम्ही गोव्याला परतलो. काकांची पत्रं यायची. १९८४ मध्ये पीजच्या या प्रकल्पाला ग्रामीण संज्ञापनासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. जगाने पाठ थोपटली. आणि लगेच, १९८५ साली, तो ट्रान्समीटर पीजहून उचलून मद्रासला दुसऱ्या वाहिनीसाठी न्यायचं ठरलं. सरकारचा हिशेब सरळ होता: अहमदाबादचं मोठं केंद्र आता आहेच, मग जिल्ह्याला वेगळा टीव्ही कशाला? लोकांनी विरोध केला, ट्रान्समीटर हलवू देईनात. पण शेवटी तो गेलाच.

त्या वेळचं काकांचं पत्र मी जपून ठेवलंय. ते स्वतः पीजला जाऊन विरोध करणाऱ्यांत बसले होते. मला नवल वाटलं. त्या रात्री विडी ओढायला उठून गेलेला माणूस टीव्ही वाचवायला गेला? पत्रात त्यांनी जणू माझ्या मनातलं ओळखून लिहिलं होतं, "आमच्याविरुद्ध बोलायचा, पण आमच्या बोलीत बोलायचा. आता जो येईल तो आमच्याशी बोलणारच नाही."

त्यानंतर घरोघर टीव्ही आला. मंडळीत जमायची गरज उरली नाही. रामायण, महाभारत सगळ्या देशाने एकाच वेळी पाहिलं, मीही पाहिलं आणि मनापासून आवडलं. तक्रार नाही. पण त्या पडद्यावर कुणी "च्यम" म्हणालं नाही आणि कुणाच्या गावची मजुरीही निघाली नाही.

आम्हा गोंयकारांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दशावतारातला संकासुर जेव्हा गावातल्याच कुणाची तरी टोपी उडवतो तेव्हा आपण का हसतो? तो आपल्यातला असतो म्हणून. पीजचा टीव्ही दहाएक वर्षं तसा होता.

काही वर्षांपूर्वी पेटलादला जाऊन आलो. काका आणि बा दोघंही आता नाहीत. मंडळीची इमारत नव्याने बांधलीय, दुधाची फॅट मशीनवर मोजतात, आकडा चटकन दिसतो. तिथल्या तरुण सेक्रेटरीला मी जुन्या टीव्हीचं विचारलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. बोलता बोलता त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि दूध घालायला आलेल्या बाईंना म्हणाला, "हात वाग्या, हेंडो!"

या वेळी मी हाताकडे बघितलं नाही.