न दिसणारा कान

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांची मुलगी घर आवरायला कड्याला आली होती. माळ्यावर तिला जुन्या धोतरात गुंडाळलेली वडिलांची हवाईयन गिटार सापडली. ती घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, बाबांची गिटार मुकी झालीय. काय करू हिचं?" मी म्हणालो, "टाकून देऊ नकोस बाई. शहरात एखाद्या दुकानात दाखव, दुरुस्त करून घे."

सल्ला चांगलाच होता असे तेव्हा वाटले. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी या वाद्याची हकिकत सांगितली पाहिजे, कारण हल्लीच्या मुलांनी ते पाहिलेलेही नसते.

ही गिटार छातीशी धरून वाजवायची नव्हे. खुर्चीवर बसायचे, गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. कांडी सरकेल तसा स्वर सरकतो. आपली मींड म्हणतात ना, ती या वाद्यात आपसूक येते. आमच्या सरांची गिटार म्हणजे तर नुसती लाकडाची जाड फळी होती. आत पोकळी नाही, वर भोक नाही. पाटावर तारा ताणाव्यात तसे दिसे.

१९७० च्या दशकात शाळेच्या स्नेहसंमेलनात सर ती वाजवीत. अँप्लिफायर कुठला असणार? शाळेच्या जुन्या रेडिओला मागच्या बाजूला ग्रामोफोन जोडायची दोन भोके होती, त्यात ते गिटारची वायर खुपसत. रेडिओतून असा आवाज येई की पोरे गप्प होत. मग पोरे फळीवर टिचक्या मारून बघत आणि विचारत, "सर, हिला पोटच नाही, मग आवाज कुठून येतो?" सर म्हणत, "पोट नाही, पण कान आहे. शोधा बघू!" पोरांना तो कधी सापडला नाही. खरे सांगायचे तर मलाही नाही. मी मराठी शिकवणारा माणूस. शेवटी एकदा सरांनीच मला शिक्षकांच्या खोलीत बसवून तो दाखवला.

सतार किंवा तंबोरा घ्या. मिरजेचे कारागीर पंढरपूरच्या बाजूचा भोपळा आणतात तो कशासाठी? नुसत्या तारेचा आवाज अगदी बारीक असतो. भोपळा आणि तबली थरथरली की भोवतालची हवा थरथरते आणि मग तो आपल्यापर्यंत पोचतो. इलेक्ट्रिक गिटारला हे पोट लागत नाही. तिच्या तारांखाली एक लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की चुंबकाच्या प्रभावक्षेत्रात फरक पडतो आणि वेढ्यांत अगदी किंचित वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेलेच हे तत्त्व. ती किंचित वीज वाढवून स्पीकरला दिली की झाला आवाज. म्हणजे हा कान हवेतला आवाज ऐकतच नाही, पोलादाची हालचाल तेवढी ऐकतो. सरांनी एक तार काढून तिथे साधी पितळेची तार लावली आणि छेडली. डोळ्यांना तार हलताना दिसत होती, रेडिओ मात्र जवळजवळ मुका! मला तो प्रयोग अजून आठवतो.

आता हे वाद्य आले कुठून? नावावरून कळतेच, हवाई बेटांवरून. गिटार तिथे बाहेरून गेलेली. ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने १८८० च्या दशकाच्या अखेरीस तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून वाजवायची रीत बसवली असे मानतात. गंमत म्हणजे याच्याही आधी हवाईत गेलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या एका माणसाचे नाव काही जण यासाठी घेतात. आपल्याकडे विचित्र वीणेवर काचेचा गोटा सरकवून वाजवतातच, त्यामुळे ही कथा ऐकून आपल्याला बरे वाटते. खरेखोटे करण्याइतका पुरावा काही नाही. असो.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठे प्रदर्शन भरले. तिथे हवाईचे संगीत लोकांनी ऐकले आणि अमेरिकेत त्याचे वेडच लागले. पण एक अडचण होती. मोठ्या नाचघरात कर्ण्या-ढोलांपुढे गिटार ऐकूच येईना. प्रथम गिटारच्या पोटात धातूचे पातळ शंकू बसवून आवाज वाढवून पाहिला. नॅशनल कंपनीची ती गिटार १९२७ ची. तेवढ्यानेही भागेना. मग त्याच मंडळींत वावरणाऱ्या जॉर्ज बोशाँ या वादकाने विजेचा मार्ग धरला. १९३१ मध्ये लाकडाचा नमुना झाला आणि १९३२ पासून अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साथीने अॅल्युमिनिअमची ओतीव गिटार विक्रीला आली. गोल अंग आणि लांब दांडा, म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणू लागले. आपण दांड्याचा तवा म्हणू. रंगमंचावरच्या दिव्यांनी तवा तापला की सूर बिघडत, म्हणून १९३५ मध्ये त्यांनी बेकेलाइटची गिटार काढली. पेटंट मिळायला मात्र १० ऑगस्ट १९३७ उजाडला. हे यंत्र खरेच चालते का, अशी शंका पेटंट कचेरीला होती म्हणे, आणि ती फेडायला वादकांना तिथे नेऊन वाजवून दाखवावे लागले असे सांगतात!

म्हणजे वाचकहो, हे लक्षात घ्या की विजेची गिटार प्रथम बाजारात जम धरून बसली ती मांडीवरची हवाईयन गिटार म्हणून. पुढचे रॉक अन् पॉप सगळे तिच्या मागून आले.

त्या काळातले चुंबक आजच्यासारखे लहान आणि जोरकस नव्हते. मोठाले लागत. ते ठेवायचे कुठे हा प्रश्नच होता. रिकनबॅकरने घोड्याच्या नालेसारखे दोन रुंद चुंबक तारांवरून वळवून घेतले. तारा त्या बोगद्यातून जात, आणि बघणाऱ्याला वाटे की हाताला टेकू म्हणून पट्टी लावली आहे. गिब्सन कंपनीने १९३५-३६ च्या सुमाराच्या आपल्या हवाईयन गिटारमध्ये लांब चुंबक लाकडाखाली दडवले. वरून दिसे ती तारांखालची एक पातळ पट्टी आणि तीन स्क्रूंची डोकी. सुप्रो नावाच्या स्वस्त गिटारींत तर तारा थेट वेढ्यांच्या मधून ओवलेल्या असत आणि वर चकचकीत झाकण. झाकण नुसते शोभेला नसे. तळहात टेकायला सोय होई, बारीक तारेला धक्का लागत नसे आणि नीट जोडलेल्या धातूच्या आवरणाने विजेची घरघरही कमी होई. आमच्या सरांच्या गिटारचा कान असाच निकेलच्या पत्र्याखाली होता. ती त्यांनी तरुणपणी मुंबईत जुनी म्हणून घेतलेली. तिच्यावर कुणाचे नाव नव्हते.

हे वाद्य आपल्या देशात रुजले ते प्रामुख्याने कोलकात्यात. हवाईचे टाउ मो १९४० च्या दशकात काही वर्षे कुटुंबासह तिथे राहिले, त्यांनी वाजवले आणि शिकवलेही. पुढे बंगालात घरोघरी गिटारवर रवींद्रसंगीत वाजू लागले. मुंबईत व्हॅन शिपले यांनी विजेच्या गिटारला घरोघर नेले. जन्म लखनौचा, व्हायोलिनही उत्तम वाजवीत. पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स आणि ते अशी जोडी होती. शिपले, हजारासिंग, पुढे सुनील गांगुली, या मंडळींनी सिनेमाची गाणी शब्दांवाचून वाजवली आणि त्यांच्या तबकड्या निघाल्या.

त्या आमच्यापर्यंत, कड्यापर्यंत, कशा पोचल्या? रेडिओवरून. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले मराठी गृहस्थ. सिनेमाची गाणी त्यांना रुचत नसत. आकाशवाणीवर ती मागे पडली आणि सारा देश सिलोन लावू लागला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. दोन कार्यक्रमांच्या मध्ये चार-दोन मिनिटे रिकामी राहिली की तिथे गिटारवर एखाद्या गाण्याची धून लागे आणि वेळ झाली की मधेच तोडली जाई. पुष्कळदा वाजवणाऱ्याचे नावही सांगत नसत. मी शाळकरी पोर होतो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून आम्ही ती धून ओळखायची पैज लावायचो. गाणारी नाही, शब्द नाहीत, आणि तरी गाणे गातेय कोण, असे वाटायचे. ज्यांची नावे सांगितली गेली नाहीत त्यांनी आमच्या दुष्काळी मुलखातल्या संध्याकाळी सुखाच्या केल्या, हे ऋण कुणीतरी मान्य केले पाहिजे.

याच गिटारवर जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांनी अली अकबर खाँसाहेबांकडे शिकून राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी १९६७ ची. पण सर्वसामान्य घरांतून, ऑर्केस्ट्रांतून हवाईयन गिटार हळूहळू गेली. सिंथेसायझर आला. एका पेटीतून सगळे आवाज निघू लागल्यावर मांडीवरची फळी कोण सांभाळणार?

आता सुरुवातीच्या गोष्टीकडे येतो. मुलीने माझे ऐकले. महिन्याभराने तिचा फोन आला, "काका, वाजतेय!" तिने फोनवर चित्रफीतही पाठवली. पाहतो तो निकेलचा पत्रा गायब. त्या जागी नवाकोरा काळा पिकअप, बाहेरून दिसणारा. दुकानातल्या माणसाने पत्रा उघडला, आत गंजलेले चुंबक आणि काळवंडलेली वेटोळी दिसली, म्हणून सगळे काढून टाकले. त्याचा दोष म्हणवत नाही. त्याला 'दुरुस्त करा' सांगितले होते, त्याने वाजती करून दिली. मुलीने विचारले, "बाबांसारखीच वाजते ना?" मी म्हणालो, "हो, छान वाजते."

ते खोटे होते. आवाज मोठा होता, स्वच्छ होता. पण सरांच्या गिटारचा तो किंचित नाकातला, दाटलेला आवाज नव्हता. कारण तो आवाज फळीत फारसा नव्हताच, तो त्या गंजक्या चुंबकात आणि वेटोळ्यात होता. आणि मला हे ठाऊक होते! सरांनी पत्रा उचलून ज्यांना तो कान दाखवला त्यांतला बहुधा मीच मागे राहिलेला. मुलगी दारात आली तेव्हा, "आत जे आहे तेच खरे वाद्य आहे, ते फेकू देऊ नकोस," एवढे एक वाक्य मी बोलायला हवे होते. सुचले नाही. पस्तीस वर्षे वर्गात न थांबता बोललो, आणि नेमके बोलायचे तेव्हा गप्प राहिलो.

म्हणून आता सांगतो. कुणाच्या घरी अशी जुनी गिटार मुकी पडली असेल तर आधी वायर आणि जोडाचे टाके तपासा, दोष पुष्कळदा तिथेच असतो. मग मल्टिमीटरने पिकअपचा रोध मोजा. काही हजार ओहम दाखवले तर वेटोळे बहुधा शाबूत आहे. काहीच जोड दाखवत नसेल तर बारीक तार कुठेतरी तुटली आहे. तुटलेले वेटोळे पुन्हा गुंडाळता येते. चुंबक क्षीण झाला असेल तर त्याला पुन्हा चुंबकत्व देता येते. आणि काहीही बदलले तरी जुना भाग मागून घ्या, कागदात बांधून, वर नाव लिहून ठेवा.

हे लिहिण्याआधी मुलीला फोन केला आणि खरे काय ते सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, दुकानात विचारून बघते, तो जुना भाग भंगारात गेला नसला तर." अजून तिचा निरोप आलेला नाही.