दस्ता घराचा, नळी सरकारची

होटगी जंक्शनावरून एक फाटा विजापूरला जातो, दुसरा अक्कलकोटकडे. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार तुम्ही पाहिलं असेलच. पण आज मला संस्थानिकांच्या नाही, साध्या घरातल्या वडिलोपार्जित रायफलीबद्दल बोलायचंय.

१८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याची सक्ती झाली. युरोपियनांना सूट होती. पुढं ‘थ्री नॉट थ्री’ हे लष्करी काडतूस खासगी माणसाला बंद झालं. कारण उघड आहे. छावणीतून चोरलेली गोळी घरातल्या रायफलीत बसायला नको! म्हणून शिकाऱ्यांसाठी पॉइंट ३१५ बोअर. स्वातंत्र्यानंतरही ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं तीच बनवली. बोल्टची यंत्रणा ली-एनफील्डची, नळी मात्र निराळी. म्हणजे बघा, अक्रोडाचा दस्ता आपल्या खांद्याच्या मापानं तासून घ्यायचा, एवढीच मालकाची हौस. नळीचं माप सरकारच्या भीतीनं ठरवलेलं, आणि ती भीती गोऱ्या साहेबाबरोबर गेली नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले. रायफल खुंटीवर राहिली.

सातबाऱ्यावर वारसाचं नाव लागतं, तशी ही आपोआप मिळत नाही. वारसाला स्वतःचा परवाना काढावा लागतो. मालकी एक, ताबा दुसरा. आम्ही तत्त्वज्ञानवाले यावर तासभर बोलू, असो. २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली, वारशाची धरून. तिसरं पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. कुठलं द्यायचं? शेताच्या राखणीला बारा बोअर लागते. मग जाते ती आजोबांचीच.