ब्रश कटर वर्षानुवर्षं कशामुळे टिकतो? सीसी सोडून बघायच्या गोष्टी

एरवी मी सॉफ्टवेअरवर लिहितो. आज विषय वेगळा आहे, कारण हे मशीन माझ्याच हातून बिघडलं होतं.

राजापूर तालुक्यात आमची आंबा-काजूची छोटी बाग आहे. पावसाळा संपला की कमरेएवढं गवत माजतं आणि बेणणीला माणसं मिळत नाहीत. म्हणून बाबांनी टू-स्ट्रोक ब्रश कटर घेतला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी गेलो तेव्हा म्हटलं, आज मी मारतो गवत. पडवीत दोन सारखेच कॅन होते. मी त्यातला एक उचलून टाकी भरली. वीस मिनिटांत आवाज बारीक झाला, मशीन बंद पडलं आणि स्टार्टरची दोरी ओढली तर हलेना. कॅनमध्ये साधं पेट्रोल होतं, ऑइल मिसळलेलं नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले, "माझ्याकडे दोन वर्षं टिकलं, तुझ्याकडे वीस मिनिटं."

त्यानंतर मी हे मशीन नीट समजून घेतलं. ते टिकणं कशावर अवलंबून असतं, ते एकेक करून पाहूया.

१. इंजिन : ऑइल हाच त्याचा जीव

ब्रश कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते. पिस्टन, सिलिंडर, बेअरिंग या सगळ्यांना वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. ते नसेल तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला घासून अडकतो. यालाच मेकॅनिक 'इंजिन सीझ झालं' म्हणतात.

प्रमाण मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ५०:१ म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल आणि २५:१ म्हणजे ४० मिली. अंदाजाने झाकणं मोजू नका, मापाची बाटली वापरा. ऑइल एअर-कूल्ड टू-स्ट्रोक इंजिनाचंच हवं. जासो एफडी ही त्यातली चांगली ग्रेड. किनारपट्टीवर होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं ऑइल सहज मिळतं, पण ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. ब्रश कटर त्यापेक्षा जास्त तापतो, त्यामुळे ते इथे चालत नाही.

फोर-स्ट्रोक मशीनमध्ये, उदाहरणार्थ होंडाचं ३५.८ सीसीचं जीएक्स३५, ऑइल वेगळं भरतात. तिथे मिक्स करायची भानगड नाही, पण ऑइलची पातळी तपासणं आणि ते वेळेवर बदलणं आलंच.

२. सीसीचा आकडा खरा आहे का?

स्वस्त मशीनवर '५२ सीसी' मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. पडताळणी सोपी आहे. बऱ्याच चिनी इंजिनांवर १ई४०एफ-५ किंवा १ई४४एफ-५ असा कोड असतो. त्यातला १ म्हणजे एक सिलिंडर, ई म्हणजे टू-स्ट्रोक, ४० किंवा ४४ म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि एफ म्हणजे हवेने थंड होणारं. पिस्टनचा स्ट्रोक ३४ मिमी धरला, तर ४० व्यासाचं इंजिन सुमारे ४३ सीसीचं आणि ४४ व्यासाचं सुमारे ५२ सीसीचं होतं. स्टिकर ५२ चं आणि कोड ४० चा असेल, तर दुकानदाराला जरूर विचारा.

आणि खरं सांगायचं तर नुसत्या सीसीने आयुष्य वाढत नाही.

३. क्लच आणि थंडावा

इंजिनचा वेग वाढला की क्लचचे शू बाहेर फेकले जातात आणि ड्रमला पकडतात, मग पातं फिरतं. अर्ध्या रेसवर दाट गवतात पातं घुसवलं तर शू ड्रमवर नुसते घसरत राहतात आणि जळतात. त्यामुळे आधी रेस द्या, मग कापा. रेस सोडल्यावरही पातं फिरत असेल तर आयडल जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेली आहे.

इंजिनच्या पंख्यांमध्ये गवताचा भुसा अडकला की हवा खेळत नाही, म्हणून काम संपल्यावर तो झाडून काढा. एअर फिल्टरही साफ ठेवा, कारण तिथून गेलेली धूळ थेट सिलिंडरला घासते.

४. दांडा आणि गिअरबॉक्स

अॅल्युमिनियमच्या नळीतून स्टीलचा रॉड फिरतो. नळ्या साधारण २६ किंवा २८ मिमीच्या मिळतात. जाड नळी कमी वाकते, म्हणून आतल्या बुशवर ताण कमी येतो. टोकाच्या गिअरबॉक्समध्ये दोन छोटे गिअर फिरण्याची दिशा वळवतात. त्यांना ग्रीस लागतं आणि नेमकं तेच सगळे विसरतात. साधारण २० ते २५ तास काम झालं की बाजूचा बोल्ट काढून ग्रीस बघा. गिअरबॉक्स हाताला चटका देत असेल तर ग्रीस संपलंय असं समजा.

५. पातं : थरथर म्हणजे झीज

एका बाजूने दात तुटलेलं पातं फिरताना असंतुलित होतं. ती थरथर बेअरिंग आणि नटबोल्टपर्यंत पोचते, शिवाय हातालाही मुंग्या येतात. असं पातं बदलाच. नायलॉन दोरी वापरत असाल तर गार्ड काढू नका. जादा दोरी छाटणारी सुरी गार्डलाच असते. गार्ड नसेल तर दोरी लांब राहते, इंजिनवर भार वाढतो आणि दगड अंगावर उडतो तो वेगळाच. पात्याचा नट बहुतेक मशीनवर उलट्या आट्याचा असतो, म्हणून तो घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतो. हात लावण्याआधी प्लगची कॅप काढून ठेवा.

६. पेट्रोल साठवू नका

आता बहुतेक पंपांवर ई२० पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कार्बोरेटरच्या रबरी पडद्याला व नळ्यांना त्रास देऊ शकतं. अनेक छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के असते. म्हणून मशीन ई२० ला चालतं का, हे घेतानाच विचारा. लागेल तेवढंच मिक्स करा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

घेताना काय बघाल?

- पिस्टन किट, क्लच शू आणि कार्बोरेटर किट तालुक्याच्या गावी मिळतं का?
- इंजिनवरचा कोड आणि स्टिकर जुळतात का?
- जुनं मशीन असेल तर सायलेन्सर काढून आत बघा. पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर ते मशीन सोडून द्या.

आमच्या पिस्टनवर तसेच ओरखडे होते. पिस्टन-सिलिंडर किट राजापुरातच मिळालं, म्हणून मशीन वाचलं. ते नसतं मिळालं तर अख्खं मशीन भंगारात गेलं असतं. आता बाबांनी मिक्सच्या कॅनला लाल रंग लावलाय. तुमच्या घरी दोन कॅन असतील तर आजच एकाला रंग लावा. ब्रश कटरचं आयुष्य वाढवायचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.