टू बिल्ड अ फायर

अमेरिकन लेखक जॅक लंडन (१८७६–१९१६) याची कथा. गाजलेला पाठ १९०८ चा. कॅनडातल्या युकॉनमध्ये उणे ७५ अंश फॅरनहाइट (सुमारे उणे ५९ सेल्सिअस) थंडीत एक अनामिक नवखा माणूस केवळ कुत्र्याच्या सोबतीने सवंगड्यांच्या तळाकडे चालत निघतो. बर्फाच्या कवचाखालच्या पाण्यात त्याचे पाय भिजतात. ते सुकवायला पेटवलेला जाळ झाडावरचा बर्फ कोसळून विझतो, आणि तो गोठून मरतो. उणे ५० च्या खाली एकट्याने वाट धरू नये, असे सल्फर क्रीकच्या एका जुन्या जाणत्याने त्याला बजावले होते. म्हणून ‘वडीलधाऱ्यांचे न ऐकल्याचे फळ’ असा या कथेचा अर्थ सर्रास लावला जातो. तो चूक नाही, पण फार उथळ आहे. हा माणूस बेफिकीर नाही. पातळ बर्फाचा त्याला धाक आहे. संशय येताच तो कुत्र्याला पुढे ढकलतो (लंडन त्याला सज्जन ठरवत नाही). भिजल्यावरही न गडबडता तो काटक्या रचतो आणि जाळ धरतो. नेमक्या त्याच क्षणी त्याला म्हाताऱ्याच्या सल्ल्याचे हसू येते. फाजील आत्मविश्वास इथे अज्ञानातून येत नाही. आत्तापर्यंत निभावले, यातून येतो. थंडी उणे ५० च्या खाली आहे हे त्याला ठाऊक असते, त्या आकड्याचा अर्थ मनात उमटत नाही.

बर्फ कोसळणे हा निव्वळ योगायोग, त्यात सल्ल्याचा काय संबंध, असा आक्षेप घेता येईल. पण जाळ झाडाखाली केला तो काटक्या हाताशी मिळाव्यात म्हणून, आणि प्रत्येक काटकी ओढताना झाड हलत होते. शिवाय सल्ला अपघात टाळण्याचा नव्हताच. अपघातानंतर बधिर झालेल्या हातांऐवजी दुसऱ्याचे हात असावेत, एवढेच त्यात होते. जाळ विझल्यावर हे त्यालाही कळते. त्याच्याजवळ ७० आगकाड्या असतात, बोटे मात्र कामातून गेलेली. १९०२ च्या, किशोरवाचकांसाठी लिहिलेल्या पहिल्या पाठातला नायक टॉम व्हिन्सेंट हीच चूक करूनही वाचतो. मग सल्ला मोडल्यानेच मरण येते असे कसे म्हणावे? म्हणू नयेच. सल्ला मोडल्याने जाते ती चूक सुधारायची सवड, आणि थंडी वाढेल तशी ती आणखी आक्रसते. टॉमच्या वाट्याला उणे ६० होते. १९०८ मध्ये लंडनने नायकाचे नाव काढून घेतले, पारा १५ अंश खाली नेला आणि सोबतीला दिला एक कुत्रा, जो मालक मेल्यावर जाळ पेटवणाऱ्या दुसऱ्या माणसांच्या शोधात तळाकडे निघून जातो.