वैशालीतला बदललेला पाठ

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातले गाव. ह्याच तालुक्यातल्या चिलगव्हाणचे एक शेतकरी कुटुंब १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात संपले. आईवडिलांबरोबर चार मुलेही गेली. महाराष्ट्रातील शेतकरी-आत्महत्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा तेथूनच आरंभ करतात. त्या इतिहासात मुले येतात ती गेलेल्यांच्या संख्येत मिळवलेली, नाहीतर मागे राहिलेली. बाकावर बसलेला विद्यार्थी म्हणून ती क्वचितच दिसतात. विद्यार्थ्यांचा हिशेब निराळ्या रकान्यात ठेवला जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदवल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत अधिक.

ह्यावर शाळा-महाविद्यालयांत आज जे उपाय सुचवले जातात, त्यांत श्वासाकडे आणि शरीराकडे लक्ष देण्याचा उपाय ठळक आहे. परिपत्रकांत त्याला 'सजगता' म्हणतात. आम्हांला 'भान' हा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण माणूस भानावर येतो तो शरीरासकट येतो. गंमत अशी की आमच्या भक्तिपरंपरेने गौरव केला तो देहभान हरपण्याचा. आणि हा उपाय तर हरपलेले देहभान परत आणू पाहतो. खचलेल्या मुलाची भूक आणि झोप आधी जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागचे तर्कशास्त्र कळते. परंतु ह्या उपायाच्या मुळाशी एक जुनी आणि अस्वस्थ करणारी कथा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी ती वाचली पाहिजे असे आम्हांला वाटते.

ती संयुत्तनिकायात आहे आणि विनयपिटकात तिसऱ्या पाराजिकाच्या निमित्ताने पुन्हा आली आहे. वैशालीच्या महावनात बुद्धाने भिक्षूंना अशुभभावना शिकवली, म्हणजे देहाच्या अमंगळपणाचे चिंतन. आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेला. भोजन आणून देणाऱ्या एका भिक्षूखेरीज कोणी भेटू नये, अशी आज्ञा होती. भिक्षूंनी तो पाठ मनापासून गिरवला. त्यातून त्यांना स्वतःच्या देहाची एवढी किळस आली की अनेकांनी जीवनाचा अंत करून घेतला किंवा करवून घेतला. एकांतातून परतल्यावर बुद्धाने आनंदाला विचारले, संघ असा विरळ का दिसतो? आनंदाने झाले ते सांगितले आणि दुसरा काही मार्ग शिकवावा अशी विनंती केली. तेव्हा वैशालीच्या परिसरातल्या सर्व भिक्षूंना सभागृहात एकत्र बोलावून बुद्धाने आनापानसति शिकवली: आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाचे भान.

देहाकडे लक्ष देणे हे आपोआप औषध ठरत नाही, हे ही कथा आधीच सांगून ठेवते. दोन्ही पाठ देहाचेच होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शिष्य दुर्बळ होते असा ठपका तेथे कोणी ठेवत नाही. पाठ बदलतो तो गुरू. विनयपिटकातला नियम तर आणखी पुढे जातो: मनुष्यवध आणि त्यासाठी साहाय्य मिळवणे ह्यांबरोबर मृत्यूची स्तुती करून दुसऱ्यास मरणास प्रवृत्त करणेही तेथे निषिद्ध ठरते. मरणाला शोभिवंत करणाऱ्या वाङ्मयावर प्रेम करणाऱ्या आम्हां शिक्षकांना हा नियम जरा टोचावा.

मराठीत हे साधनाशास्त्र प्रथम नीट आणले ते धर्मानंद कोसंबी ह्यांनी. गोव्यातल्या साखवाळचा हा मुलगा १९०२ साली सिंहलद्वीपात भिक्षू झाला आणि पुढे 'समाधिमार्ग' लिहून त्याने आनापानाची ओळख मराठी वाचकाला करून दिली. विदर्भातल्या गावांत मात्र बुद्ध पोहोचला तो १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेमुळे. ध्यानासाठी नव्हे, माणूसपणासाठी. सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. त्या परंपरेतूनच, २०११-१२ च्या सुमारास, राज्याच्या शिक्षण विभागाने शाळांत 'मित्र उपक्रम' आणला: रोज काही मिनिटे आनापान. गंभीर मनोविकार असलेल्यांना दहा दिवसांच्या शिबिराची शिफारस केली जात नाही, ही त्याच परंपरेची खबरदारी शाळेने विसरू नये.

उपयोग किती होतो? ब्रिटनमध्ये ऐंशीहून अधिक शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर केलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. सरसकट सर्व वर्गाला सजगता शिकवून मुलांच्या नैराश्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा फरक पडल्याचे त्यात दिसले नाही. याउलट युरोपातल्या दहा देशांतल्या १६८ शाळांच्या अभ्यासात (२०१५) जी पद्धत प्रभावी ठरली, तिच्यात मुलांनी प्रसंग नाट्यरूपाने वठवायचे आणि त्यांवर एकमेकांशी बोलायचे होते. वर्षभरानंतर आत्महत्येचे नवे प्रयत्न तुलनेच्या गटापेक्षा सुमारे निम्मे आढळले. श्वासाचे भान व्यर्थ आहे असा ह्याचा अर्थ नाही. मार्शा लिनेहान ह्यांच्या उपचारपद्धतीत ते मूलभूत कौशल्य आहे; पण तेथे समोर एक माणूस बसलेला असतो, आणि वाईट रात्री त्याला फोन करता येतो. २०२२ पासून १४४१६ ह्या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तो फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवायला खडूचा एक तुकडा पुरतो.

आमची तक्रार आहे ती 'मित्र' उपक्रमाविषयी नव्हे, त्याच्या भोवतीच्या शांततेविषयी. परीक्षा तीच, शुल्क तेच, वसतिगृहातली जातीवरून होणारी कुजबुज तीच. आणि विद्यार्थ्याने मात्र दहा मिनिटे डोळे मिटून बसावे. वैशालीत असे घडले नव्हते.

त्या सुत्तात बुद्धाने एक उपमा दिली आहे. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात उडालेली धूळ एखादा मोठा अकालमेघ जशी तत्काळ खाली बसवतो, तसे आनापान मनातले मळभ शमवते. फुलसावंगीच्या वर्गात ही उपमा सरळ सांगता येणार नाही. तेथे 'अवकाळी' म्हटले की शेतात आडवा झालेला गहू डोळ्यांपुढे येतो. शिक्षकाला थांबून विचारावे लागेल, तुमच्याकडे कोणाचे किती गेले? मग हात वर होतील, आणि तास बहुधा त्यातच संपेल.